क्रिया जुन्या, राशी नव्या

1150 साली कागलजवळच्या बामणीत शिलाहार राजा विजयादित्याचा शिलालेख कोरला गेला. जैन मंदिराला दिलेल्या दानाची ती नोंद. कोल्हापूरच्या मुलखात दाने अशी दगडावर चढत होती, त्याच वर्षी 36 वर्षांच्या भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ पुरा केला. त्यातला ‘बीजगणित’ हा भाग आजच्या प्रोग्रामरने जरूर चाळावा.

प्रोग्रामरची नेहमीची अडचण अशी, की भाषेत बेरीज-गुणाकार आयते मिळतात, पण साध्या आकड्यांपुरते. स्वतःचा नवा प्रकार घडवला की तो कसा मिळवायचा, कसा गुणायचा, हे त्या आयत्या क्रियांना शिकवावे लागते. 1988 मध्ये आलेल्या मॅथेमॅटिका या गणिती संगणकप्रणालीत असे नियम जोडता येतात.

‘बीजगणिता’ची मांडणीच या धाटणीची आहे. क्रिया सहाच: बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग आणि वर्गमूळ. हे ‘षड्विध’. मग धन-ऋण, शून्य, अव्यक्त, करणी असे एकेक प्रकार येतात आणि प्रत्येकासाठी षड्विध नव्याने सांगितले जाते. यातले बरेच नियम ब्रह्मगुप्ताने 628 मध्येच दिले होते; भास्कराचार्यांचे कसब शिस्तीत आहे.

अव्यक्त, म्हणजे अज्ञात, राशी यावत्तावत्, कालक, नीलक. लिहिताना नुसते या, का, नी. सजातीय मिळवाव्यात, विजातीय शेजारीशेजारी ठेवाव्यात. ‘या’ला ‘का’ने गुणले की ‘भावित’ हा वेगळाच प्रकार तयार होतो. ऋण संख्येचे वर्गमूळ मात्र नाहीच, असे साफ सांगून टाकले आहे.

खरी गंमत करणीत, म्हणजे ज्यांचे वर्गमूळ पुरते सुटत नाही अशा संख्यांत. करणी 2 आणि करणी 8 मिळवायच्या आहेत. 2 नि 8 मिळून 10. त्यांचा गुणाकार 16, त्याचे मूळ 4, दुप्पट 8. दहात आठ मिळवले की 18. बेरीज करणी 18. दहातून आठ वजा केले की वजाबाकी, करणी 2. त्याच उदाहरणात 3 आणि 7 ही जोडीही आहे. गुणाकार 21, मूळ सुटत नाही; म्हणून दोन्ही करण्या तशाच ठेवायच्या. मॅथेमॅटिकाही नियम लागू पडला नाही, की राशी जशीच्या तशी परत देते. चूक ठरवत नाही, ओढूनताणून उत्तरही काढत नाही.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटणला मठ काढला. तिथला 1207 चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

करणीच्या त्याच उदाहरणात भास्कराचार्यांनी 3 आणि 27 ही जोडीही दिली आहे. ती वाचकांनी कागदावर सोडवून पाहावी: बेरीज करणी 48, वजाबाकी करणी 12 यायला हवी.