तालमीचा इतिहास मोबाईलवर यायला हवा

'तालीम' हा मूळ अरबी शब्द. उर्दूत त्याचा अर्थ शिक्षण. मराठीत मात्र तालीम म्हटले की लाल माती, लंगोट आणि शड्डूचा आवाज आठवतो. 'वस्ताद' हा फारसी उस्तादचा मराठी अवतार. पैलवान, जोर, लेझीम हे शब्दही फारसीतूनच आले. जोर-बैठका या जोडशब्दात तर फारसी आणि देशी शब्द शेजारी शेजारी घाम गाळतात. आपल्या खेळांचा इतिहास असा जिभेवरच आहे, तरीही तो मुलांना दाखवायला जागा नाही.

अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) उदाहरण घ्या. १४९० मध्ये मलिक अहमद निजामशहाने स्वतंत्र सत्ता उभी केली. मुहम्मद कासीम फरिश्ता हा इतिहासकार याच दरबारात वाढला आणि १५८९ मध्ये विजापूरला गेला. तो लिहितो, की अहमद निजामशहाला एकहाती तलवारबाजीचा भारी शौक होता. राजाचा शौक बघता बघता रयतेचा झाला. शहरात शाळांऐवजी तलवारबाजीचे आखाडे वाढले. तरुण आपल्या कौशल्याचा निवाडा बादशहासमोर मागू लागले. माणसे मरू लागली, तेव्हा बादशहाने आपल्या समोरच्या लढती थांबवल्या आणि किल्ल्याबाहेर काळा चबुतरा येथे त्यांना जागा ठरवून दिली. फरिश्ताला ही प्रथा अजिबात पसंत नव्हती. जॉन ब्रिग्जच्या १८२९ च्या इंग्रजी अनुवादात हा मजकूर वाचायला मिळतो.

नगरच्या किती विद्यार्थ्यांना हे माहीत आहे? मूळ ग्रंथ फारसीत, अनुवाद इंग्रजीत. शहरात १९६० पासून ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे, रणगाड्यांचे प्रसिद्ध संग्रहालयही आहे. पण खेळ ही कपाटात ठेवण्याची वस्तू नाही. दांडपट्टा काचेमागे ठेवला तर उरते ते फक्त पाते. मनगटाची फिरत, पायांचा पवित्रा, वस्तादाची हाक हे सगळे काचेबाहेर राहते.

डिजिटल दालनाचा खरा उपयोग इथे आहे. फरिश्ताचे फारसी पान, खाली सोपे मराठी भाषांतर, शेजारी फरी-गदग्याचे हात संथ गतीने दाखवणारी चित्रफीत आणि एखाद्या वृद्ध वस्तादाचा आवाज. हे साध्या मोबाईलवर उघडले, तर अकोले किंवा जामखेडचा मुलगा एसटीचे तिकीट न काढता संग्रहालय पाहील. ज्याला दिसत नाही त्याला ऐकता येईल, ज्याला ऐकू येत नाही त्याला वाचता येईल. इराणने आपल्या जोरखान्याची परंपरा २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत नोंदवली. तिथले लाकडी मील आणि आपली मुद्गल-जोडी शेजारी ठेवली, तर नाते सांगायला वेगळ्या व्याख्यानाची गरज पडणार नाही.

मात्र चित्रफितीपेक्षा तिच्याखालची पाटी महत्त्वाची. पाटी लिहिणारा जे गाळतो, ते पुढच्या पिढीपुरते घडलेलेच नसते. मल्लखांबाची कथा बघा. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात अली आणि गुलाब या निजामाच्या मल्लांनी आव्हान दिले आणि बाळंभटदादा देवधरांनी ते स्वीकारले, असे परंपरा सांगते. या कथेत जिंकणाऱ्याइतकेच हरणाऱ्यांचे नावही टिकले आहे. कुस्तीला दोघे लागतात. एकाचे नाव खोडले तर कुस्तीच उरत नाही. तसेच काळा चबुतऱ्यावर मेलेल्या तरुणांचाही उल्लेख हवा. निजामशाहीचे गुणगान करणारे दालन जितके अपुरे, तितकेच तिला वगळणारे.

२०२५ च्या फेब्रुवारीत याच शहरात पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाले. त्या लढती हजारोंनी मोबाईलवर पाहिल्या. म्हणजे प्रेक्षक आहे, साधनही आहे. जुने वस्ताद अजून बोलू शकतात, तोवर त्यांचे बोलणे नोंदवून घेणे हे पहिले काम आहे. कागद आणखी शंभर वर्षे थांबतील, माणसे थांबणार नाहीत.