फाळ, धाव आणि नोझल

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत देशावरची शेती लाकूड, चामडे आणि थोडेसे लोखंड एवढ्यावर चालत असे. नांगराचे खोड, हळस, रुमणे, जू हे सारे बाभळीचे. लोखंडाचा फक्त फाळ. विहिरीवरची मोट चामड्याची. मोडतोड झाली की सुतार, लोहार आणि चांभार हे बलुतेदार ती नीट करत आणि मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपात घेत. त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात या देवघेवीचे आणि तिच्यातल्या कुरबुरींचेही बारकाईने वर्णन आहे. बलुत्यात मोडे ती कारागिराची मेहनत. लाकूड, लोखंड, कोळसा हा माल बहुधा शेतकऱ्यानेच आणायचा, आणि भाता ओढायला किंवा घण मारायलाही त्याच्याच घरचे माणूस उभे राहायचे. त्यामुळे दुरुस्ती कारागिराची असली तरी ती पाहतच कुणब्याची पोरे मोठी होत.

बैलगाडीच्या चाकावर धाव चढवणे हे या दुरुस्त्यांतले सर्वांत अवघड काम. चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान केलेली लोखंडी धाव गोवऱ्यांच्या आगीत लाल करायची, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि लाकूड पेटायच्या आत पाणी ओतायचे. धाव आकसली की आरे, पाटे आणि तुंबा एकमेकांत घट्ट आवळले जात. रोजची निगा मात्र घरचीच होती. आखाला घालायचे वंगण बांबूच्या नळकांड्यात भरून गाडीखाली टांगलेले असे. ते संपले की चाक करकरायला लागे आणि गाडीवानाचा आळस गावभर कळे.

या व्यवस्थेला पहिला धक्का लोखंडी नांगराने दिला. बेळगावात सायकलींचे दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ च्या सुमारास असा नांगर बनवला. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत असल्याने सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना. १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळ किर्लोस्करवाडी वसली आणि धंद्याने जोर धरला. पहिल्या महायुद्धात कच्च्या लोखंडाची टंचाई झाली, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर ओतले गेले.

दुरुस्तीच्या दृष्टीने खरा फरक धातूत होता. घडीव लोखंडाचा फाळ बोथटला की लोहार तो तापवून ठोकून शेवटून देई. नव्या नांगराचा फाळ बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, आणि बीड ठोकले तर तडकते. बिडाचा फाळ झिजला की तो काढून नवा आणायचा, इतकाच मार्ग उरला. त्यासाठी नटबोल्ट आणि पाना पुरे. भाता लागत नाही. पुढे काही नांगरांना फाळाऐवजी पहार आली. ती झिजली की बोल्ट सैल करून पुढे सरकवायची, बांधावर बसून होणारे काम. लोहाराचे एक काम गेले आणि शेतकऱ्याच्या घरात पान्यांचा संच आला. त्याबरोबर सुटे भाग विकणाऱ्या दुकानदारावर अवलंबून राहणेही आले, हे विसरता येत नाही.

दुसरे मोठे वळण इंजिनाचे. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत पाच अश्वशक्तीचे, मिनिटाला १५०० फेरे घेणारे एका सिलिंडरचे डिझेल इंजिन विहिरीविहिरीवर दिसू लागले. मोट, नाडा आणि चांभाराचे काम एकदमच हटले.

इंजिन बंद पडण्याचे नेहमीचे कारण साधे असे: टाकीतले डिझेल संपून नळीत हवा शिरणे. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यायचे, पंपाजवळ तेच करायचे, डीकॉम्प्रेशनची खिटी उचलून हँडल मारायचे आणि कान देऊन ऐकायचे. नोझलमधून ‘किर्र’ आवाज आला की खिटी पाडायची. फुटवॉल्व्ह पाणी धरत नसेल तर पंपात शेणकाला ओतून फटी बुजवण्याचा उपाय कोणत्याही माहितीपुस्तिकेत नसेल, पण तो चाले. ऑइल आणि फिल्टर बदलणे, वॉल्व्ह घासून बसवणे, क्वचित रिंगा बदलणे इथपर्यंत हात पोचलेले शेतकरी वस्तीवस्तीवर असत. फ्युएल पंपाची जुळणी आणि क्रँक घासणे यांसाठी मात्र तालुक्याच्या वर्कशॉपला जावे लागे. चिखलाच्या वाटेने बैलगाडीतून इंजिन नेण्यातच दिवस जाई आणि तोवर उसाला पाणी नसे. एक जादा नोझल आणि गॅस्केटचा जोड घरात ठेवण्याची रीत या धास्तीतून पडली.

वीज पोचली तशी इंजिने मागे पडली. विजेच्या मोटारीत घरी करण्यासारखे थोडेच, फ्यूज घालणे आणि पंपाच्या ग्लँडची दोरी बदलणे. जळालेली मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातच न्यावी लागते, आणि बोअरमधली सबमर्सिबल वर काढायलाच चेनपुली व चार माणसे लागतात. भारनियमनाच्या काळात मात्र कोपऱ्यात पडलेली जुनी इंजिने पुन्हा बाहेर निघाली, आणि रिंगा बदलून, गंजलेल्या टाक्या धुऊन ती पुन्हा विहिरीवर बसली.