बोरू, माउस आणि पहिली वेलांटी

चित्रकार संगणक कसा शिकला, हा इतिहास आपल्याकडे सहसा एकाच दिशेने सांगितला जातो : यंत्र आले, जुन्या हातांना ते अवघड गेले, काहींनी ते आत्मसात केले, उरलेले मागे पडले. रोमन लिपीत काम करणाऱ्यांपुरती ही मांडणी बऱ्याच अंशी खरी असेलही. देवनागरी अक्षरे काढणाऱ्या कलावंताच्या बाबतीत मात्र ती अपुरी पडते, कारण त्याच्यापुढे ठेवलेले साधनच त्याच्या लिपीविषयी अडाणी होते.

पेजमेकर १९८५ साली आले, इलस्ट्रेटर १९८७ साली, कोरलड्रॉ १९८९ साली आणि फोटोशॉप १९९० साली. नव्वदच्या दशकात घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीच्या स्टेशनांलगत डीटीपीची दुकाने निघाली. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रके, छोट्या दिवाळी अंकांची पाने तेथे जुळू लागली. हाताने खिळे जुळवण्याच्या काळात देवनागरीला काही शे खिळे लागत. संगणकावरच्या त्या वेळच्या फॉन्टमध्ये जागा फार तर २५६, त्यातल्याही काही राखीव. तेव्हा युक्ती निघाली ती अशी, की रोमन अक्षराच्या क्रमांकाखाली मराठी आकार दडवायचा. पडद्यावर ‘क’ दिसे, यंत्र मात्र त्याला इंग्रजी अक्षरच समजत असे. फॉन्ट बदलला की मजकुराचा चुथडा होई. शिवाय प्रत्येक कंपनीची ही दडवादडवी निराळी. म्हणजे ‘सॉफ्टवेअर शिकलो’ असे म्हणताना कलावंताने पाठ केलेले असत ते एखाद्या कंपनीचे खाजगी संकेत. कंपनी बदलली की पुन्हा श्रीगणेशा, आणि पुढे युनिकोड रुळल्यावर ते पाठांतर बहुतांशी निकामीच झाले. या वाया गेलेल्या श्रमांची नोंद कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही.

पहिल्या वेलांटीचेच उदाहरण घ्यावे. ती उच्चारात व्यंजनानंतर येते, लिहिताना आधी. आणि तिची कमान त्या व्यंजनाच्या दंडापर्यंत पोहोचली पाहिजे. ‘रि’ची कमान आखूड, ‘स्थि’ची लांब. हात हे न विचारता करतो. फॉन्टमध्ये एका मापाची, फार तर दोन-तीन मापांची वेलांटी असे. ती कुठे तोकडी पडे, कुठे पुढे लोंबे. रफाराची आणि जोडाक्षरांची तीच गत. ज्याची नजर तयार होती तो कलावंत मग शीर्षकापुरती अक्षरे ‘कर्व्ह’मध्ये बदलून एकेक बिंदू माउसने ओढत बसे. यंत्राने वेळ वाचवला, असे म्हणणाऱ्याने हे बिंदू मोजलेले नसतात.

अडचण याहून खोल होती. बोरूने अक्षर लिहिताना टोकाचा कोन स्थिर राहतो आणि रेषेची दिशा बदलेल तशी तिची जाडी बदलते. हाताची एकच हालचाल, तिच्यातच जाड आणि बारीक दोन्ही. सॉफ्टवेअरमधली बेझिए वक्ररेषा साठच्या दशकात फ्रान्समधील रेनॉ कंपनीत मोटारींच्या कायांसाठी विकसित झालेली. तिने अक्षर काढायचे तर बाह्यरेषा काढावी लागते : डावी कड वेगळी, उजवी कड वेगळी. लिहिण्याची क्रिया नाहीशी होते आणि तिचा ठसा तेवढा कोरायचा उरतो. त्यात देवनागरीतले जाड-बारीक रोमनच्या उलट कोनात पडते. नवा शिकणारा पुष्कळदा आपलाच हात बिघडला असे समजून खंतावतो. खरे तर त्याच्या हाताचे ज्ञान त्या साधनात कोणी घातलेलेच नसते.

र. कृ. जोशी या संदर्भात महत्त्वाचे ठरतात. कवी, सुलेखनकार, उल्का या जाहिरातसंस्थेत कलादिग्दर्शक म्हणून काम केलेले हे गृहस्थ (जन्म १९३६) १९८३ साली पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक झाले आणि १९९६ पर्यंत तेथे होते. चाळिशी उलटल्यावर त्यांनी संगणक जवळ केला, पण आहे तसा पत्करला नाही. पुढे जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत त्यांनी संगणकतज्ज्ञांच्या सोबतीने काम केले. तेथे ‘विन्यास’ ही टंकरचनेची प्रणाली घडली. विंडोज २००० पासून घरोघरी पोहोचलेला ‘मंगल’ही तेथलाच.

शेजारच्या एका लिपीने निराळी वाट धरली होती. पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी नस्तालिकची हजारो जोडरूपे हाताने लिहिली आणि १९८१ मध्ये नूरी नस्तालिक यंत्रात आणले. तेथे हाताने आपली सारी पुंजी यंत्राच्या हवाली केली. ओपनटाइपच्या जमान्यातल्या जोशींना अक्षर जुळण्याचे नियमच यंत्राला सांगायचे होते.

‘मंगल’ सुंदर आहे काय? माझ्या मते नाही. ज्यांनी जोशींची कुंचल्याची अक्षरे पाहिली आहेत त्यांना तो फारच शिस्तीचा वाटेल. परंतु त्या वेळच्या जाडसर ठिपक्यांच्या पडद्यावर जोडाक्षर न मोडता उभे राहणे हीच त्याची परीक्षा होती, आणि त्या मापाने त्याला उणे लेखणे अन्यायाचे होईल.

याच उपनगरांत, मुलुंडला, कमल शेडगे राहत. नाटकांच्या शीर्षकांना त्यांनी जो चेहरा दिला तो त्या त्या नाटकाचा असे, दुसऱ्या नाटकाला चालत नसे. फॉन्टचा धर्म नेमका उलटा : त्यातला ‘क’ सर्वत्र तोच. जोशींनी पवई-जुहूत जे साधले त्याने शेडग्यांच्या कामाची गरज संपत नाही, एवढे सुलेखन शिकणाऱ्यांनी ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले. शेडग्यांचे निधन मुलुंडमध्येच जुलै २०२० मध्ये झाले.

जोशी त्याआधीच, फेब्रुवारी २००८ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोला वारले. वैदिक स्वरचिन्हांना युनिकोडमध्ये जागा मिळावी यासाठी त्यांची खटपट चालली होती. ती जागा २००९ मध्ये मिळाली. पानांची मांडणी करणाऱ्या इनडिझाइनमध्ये देवनागरीची रीतसर सोय झाली ती २०१२ साली. तोवर, आणि काही दुकानांत त्यानंतरही, मराठी मजकूर रोमन क्रमांकांच्या वेषातच छापखान्यात जात राहिला.