साडेसतरा केल्विनचे कोडे

युरेनियम म्हटले की अणुभट्टी आणि बाँब यांचीच आठवण होते. चुंबकत्वाचा अभ्यास करणाऱ्या आम्हा मंडळींना मात्र या मूलद्रव्याने वेगळ्याच कारणाने छळले आहे. त्यातल्या एका छळाची ही हकीकत.

शुद्ध युरेनियम कितीही थंड केले तरी त्याचा चुंबक होत नाही. त्याचे अणू इतके जवळजवळ असतात, की ज्यांच्यामुळे चुंबकत्व यावे ते इलेक्ट्रॉन एका अणूपाशी न थांबता साऱ्या धातूत भटकतात. हिल यांनी १९७० साली अनेक संयुगांची माहिती एकत्र मांडून दाखवले, की युरेनियमच्या दोन अणूंमधले अंतर साधारण ३.५ अँगस्ट्रॉमच्या पुढे गेले, की चुंबकत्व दिसू लागते. (अपवाद आहेतच.) अणूंमध्ये असे अंतर मिळते ते दुसरी मूलद्रव्ये मिसळून केलेल्या आंतरधातवीय संयुगांत.

असेच एक संयुग म्हणजे युरेनियमच्या एका अणूमागे रुथेनियमचे दोन आणि सिलिकॉनचे दोन अणू. यात युरेनियमचे अणू ४.१ अँगस्ट्रॉमवर असतात. १९८५-८६ च्या सुमारास हॉलंडमधील लायडन, जर्मनीतील कोलोन आणि अमेरिका येथील गटांनी त्याची विशिष्ट उष्णता मोजली. १७.५ केल्विनला आलेखात ठसठशीत उंचवटा आला. आणखी थंड केल्यावर, सुमारे १.५ केल्विनच्या खाली, पदार्थ अतिसंवाहक झाला.

उंचवट्याचा अर्थ सरळ होता. पदार्थात काहीतरी विस्कळीत होते, ते १७.५ केल्विनला शिस्तीत आले. आलेखावरून किती विस्कळीतपणा गेला याचा हिशेबही करता येतो, आणि तो भरपूर होता. सगळ्यांना वाटले, हे प्रतिलोहचुंबकत्व; म्हणजे शेजारच्या थरांतले अणुचुंबक एकमेकांच्या उलट दिशांना तोंड करून उभे राहिले असणार.

याची शहानिशा न्यूट्रॉनच्या झोताने होते. (आपल्या तुर्भ्याच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीवरही असे प्रयोग होत आले आहेत.) १९८७ साली ब्रोहोल्म व सहकाऱ्यांनी तो प्रयोग केला. उलटसुलट मांडणी दिसली खरी, पण प्रत्येक युरेनियमचे चुंबकीय परिबल निघाले अवघे ०.०३ बोर मॅग्नेटॉन. लोखंडात ते २.२ असते! एवढ्याशा चुंबकांनी एवढा मोठा उंचवटा येणे शक्य नव्हते. तरीही बारा-चौदा वर्षे हा ०.०३ आकडा खरा मानून त्यावर सिद्धांत रचले गेले. आमच्या मते यात आश्चर्य नाही. हाती मोजलेला आकडा असला, की तो सोडवत नाही.

सुगावा लागला तो दाबाखाली. १९९९ साली जपानी संशोधकांना दिसले, की स्फटिक दाबला की हे परिबल झपाट्याने वाढते. पुढे सिलिकॉनच्या अणुकेंद्रांचे चुंबकीय अनुस्पंदन तपासले, तेव्हा २००१ साली उलगडा झाला: वाढत होता तो प्रत्येक अणूचा चुंबक नव्हे, तर स्फटिकातला चुंबकीय भाग. त्या भागात परिबल चांगले ०.४ च्या आसपास असते.

आता वर्गात करण्याजोगे गणित. न्यूट्रॉनच्या संकेताची तीव्रता परिबलाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. सारा स्फटिक ०.०३ चा, की थोडासा भाग ०.४ चा, हे न्यूट्रॉनला कळत नाही. ०.०३ भागिले ०.४ म्हणजे ०.०७५, त्याचा वर्ग सुमारे ०.००५६. म्हणजे स्फटिकाचा शेकडा अर्धा भाग खरा चुंबकीय असला तरी तोच संकेत मिळेल. स्फटिक वाढताना आत राहिलेल्या ताणांमुळे असे तुरळक भाग तयार होतात.

मग उरलेल्या साडेनव्याण्णव टक्के स्फटिकात १७.५ केल्विनला काय शिस्तीत येते? त्याला ‘छुपी व्यवस्था’ असे नाव मिळाले. डझनावारी सिद्धांत मांडले गेले, पण एकमत अजून नाही. एवढे मात्र ठरले आहे, की वातावरणाच्या ५,००० पटींहून अधिक दाब दिला की ही छुपी व्यवस्था जाऊन सबंध स्फटिकात खरे प्रतिलोहचुंबकत्व येते, आणि तिच्याबरोबर अतिसंवाहकताही नाहीशी होते.