पुसली जाणारी रेघ

स्वारगेटहून बाजीराव रस्त्याने शनिवारवाड्याच्या दिशेने निघाले, की शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय लागते. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी (१८९६-१९९०) उभे आयुष्य वेचून जमवलेल्या समया, अडकित्ते, वज्री, वाद्ये येथे आहेत. यांतील बहुतेक वस्तूंच्या कर्त्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत. अनामिकांच्या कारागिरीला इतक्या आदराने जागा देणारी संग्रहालये आपल्याकडे थोडी. तरीही ज्या घरांतून अशा वस्तू आल्या, त्या घरांच्या उंबऱ्यापुढे रोज उमटणारी एक कला कोणत्याही काचेच्या कपाटात मावणारी नाही. ती म्हणजे रांगोळी. सकाळी काढायची आणि दुसऱ्या सकाळी सड्याबरोबर पुसून टाकायची, हाच तिचा धर्म.

कलेचा इतिहास मात्र टिकणाऱ्या वस्तूंवर लिहिला जातो. अमूर्त चित्रकलेचेच पाहा. तिचे जनकत्व दीर्घकाळ वासिली कँडिन्स्कीकडे दिले जात असे. कलेतील अध्यात्मावरचा त्याचा ग्रंथ १९११ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. परंतु स्वीडनमधील हिल्मा आफ क्लिंट (१८६२-१९४४) हिने १९०६ पासूनच वर्तुळे, सर्पिल आणि कमळासारखे आकार यांतून १९३ चित्रांची ‘मंदिरासाठी’ म्हणून एक मालिका रचण्यास आरंभ केला होता. चार मैत्रिणींसह ती प्रार्थना आणि ध्यानाच्या बैठका घेत असे. या चित्रांचा उगम तेथे आहे. आपल्या मृत्यूनंतर वीस वर्षे ही चित्रे कोणाला दाखवू नयेत, अशी तिची इच्छा होती. प्रत्यक्षात ती लोकांसमोर आली १९८६ मध्ये. कँडिन्स्की आणि हिल्मा या दोघांनाही ज्या थिऑसॉफीने प्रेरणा दिली, त्या पंथाच्या संस्थापक हेलेना ब्लाव्हाट्स्की १८७९ मध्ये मुंबईत उतरल्या होत्या, आणि १८८२ मध्ये अड्यारला जाईपर्यंत संस्थेचे ठाणे मुंबईतच होते. म्हणजे युरोपातील अमूर्ताचा एक धागा आपल्या अंगणाजवळून गेलेला आहे.

त्या अंगणात तेव्हा काय चालले होते? चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसली, की अक्षय्य तृतीयेपर्यंत दारात चैत्रांगण रेखायचे. सूर्य-चंद्र, शंख-चक्र, कासव, तुळशीवृंदावन आणि खुद्द गौर हे सारे मोजक्या रेघांत आणायचे. गाईचे पाऊल गोपद्म होते आणि पाऊल हुबेहूब दिसावे, अशी कोणाची अपेक्षाही नसते. ठिपक्यांच्या रांगोळीत तर वस्तू उरतच नाही. ठिपक्यांची मांडणी आणि त्यांना जोडणारी रेघ एवढेच उरते. आधुनिक चित्रकाराला दृश्याचा हात सोडून आकाराकडे जाण्यासाठी मोठा वैचारिक झगडा करावा लागला. चिमटीतून शिरगोळ्याची पूड सोडणाऱ्या बाईला तो करावा लागला नाही, कारण तिची रेघ मुळात वर्णनासाठी नव्हतीच. ती आवाहनासाठी होती.

अशी विधीतली रेघ बाजारात आली म्हणजे काय होते, हे वारली चित्रांच्या इतिहासात स्पष्ट दिसते. आजच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरीच्या परिसरात लग्नघराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जाई. तो लिहिण्याचा मान सवाशिणींचा. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी, आणि विधीची गाणी म्हणणारी धवलेरीही स्त्रीच. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही कला कागदावर आली. जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) यांनी विधीच्या चौकटीबाहेर पडून तिला नवे विषय दिले आणि गती दिली. १९७६ चा राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ ची पद्मश्री त्यांना मिळाली, ती सर्वार्थाने योग्यच. पण कागदाबरोबर सहीही आली आणि ती प्रथम पुरुषांची होती. भिंतीवर शतकानुशतके चौक लिहिणाऱ्या हातांना कोणी चित्रकार म्हटले नव्हते. पुढे वारली स्त्रियाही स्वतःच्या नावाने कागदावर चित्रे काढू लागल्या. परंतु तोवर या कलेची ओळख ठरून गेली होती.

मग या जुन्या कलेला स्त्रीवादी म्हणावे काय? येथे घाई करू नये. चौक लिहायचा तो सवाशिणीने, हळदीकुंकू लावायचे तेही सवाशिणीला. ज्या विधीने स्त्रीच्या हाती रेघ दिली, त्याच विधीने विधवेला मंगलकार्यातून उठवले. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून जो जाब विचारला, तो याच व्यवस्थेला. त्यामुळे आज एखादी चित्रकर्ती कॅनव्हासवर हळद, कुंकू वा ठिपके आणते तेव्हा केवळ परंपरेचा गौरव करून तिचे भागत नाही. रेघ घ्यायची आणि रेघेभोवतीचे कुंपण नाकारायचे, असे दुहेरी काम तिच्यापुढे असते. स्त्रीवादाची सुरुवात त्या नाकारण्यात आहे.

इतिहासलेखकाचे कामही सोपे नाही. हिल्माला न्याय देता आला, कारण तिचे कॅनव्हास आणि वह्या जपून ठेवलेल्या होत्या. अंगणातल्या बायकांच्या बाबतीत तसला पुरावा मागत बसलो, तर त्या कायम इतिहासाबाहेर राहतील. त्यांच्या बाबतीत वस्तूऐवजी कृतीची नोंद घ्यावी लागेल: कोणती रेघ कोणी कोणाला शिकवली, कोणत्या दिवशी काढली, आणि ती काढण्यास कोणाला मनाई होती. यातला तिसरा प्रश्न गाळून लिहिलेला इतिहास कितीही देखणा असला, तरी तो अर्धाच राहील.