भोवरा, चकडोरी आणि योयो

योयो म्हणजे आसाने जोडलेल्या दोन चकत्या आणि त्या आसावर गुंडाळलेला दोरा. हात खाली झटकला की दोरा उलगडतो, चकत्या गरगरत उतरतात आणि त्याच फिरण्याच्या जोरावर दोरा पुन्हा आसावर चढतो. जालना जिल्ह्यात, एकूणच मराठवाड्यात, पोरांच्या हाती राहिले ते मात्र त्याचे भावंड, भोवरा. हाताचा झटका दोरीतून फिरण्यात उतरवायची युक्ती दोघांची एकच. भोवरा दोरी सोडून जमिनीवर नाचतो, योयो दोरीलाच धरून राहतो.

भोवऱ्याच्या दोरीला जाळी म्हणतात, टोकाच्या लोखंडी खिळ्याला आर. फिरता भोवरा अलगद तळहातावर घेणे म्हणजे हातजाळी, आणि ती साधणाऱ्याला गल्लीत मान असे. खेळातली चुरस रिंगणात: हरलेल्याचा भोवरा आत ठेवायचा आणि इतरांनी आपल्या आरेने त्यावर घाव घालायचे. भोवरा घडवणारा तो कातारी. फिरत्या लाकडावर तो लाखेची कांडी टेकवी. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून रंगाचे पट्टे उमटत. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवरही असे लाखकाम होत असे.

दोरीवरच्या चकत्यांचा इतिहास जुना आहे. बर्लिनच्या संग्रहालयात इसवी सनापूर्वी ४४०च्या सुमाराचे एक ग्रीक पात्र आहे. त्यावर असे खेळणे खेळणारा मुलगा रंगवलेला आहे. भारतात सूरदासांच्या पदांतला कृष्ण यशोदेकडे भोवरा आणि चकडोरी, म्हणजे दोरीवरची चकती, दोन्ही एकत्रच मागतो. राजस्थानातल्या बुंदी किंवा कोटा शैलीतल्या, १७७०च्या सुमाराच्या एका चित्रात एक स्त्री योयो खेळताना दिसते. म्हणजे योयो हे परदेशातून आलेले नवलाईचे खेळणे ही समजूत खरी नाही.

‘योयो’ हे नाव मात्र फिलिपाइन्सकडून आले. तिथून अमेरिकेत गेलेल्या पेद्रो फ्लोरेस यांनी १९२८ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे कारखाना काढला. त्यांच्या योयोत दोरा आसाला बांधलेला नसून फासासारखा सैल अडकवलेला असे, त्यामुळे चकत्या खाली पोचून तिथेच फिरत राहत. योयोच्या बहुतेक करामती या एका सैल फाशावर उभ्या आहेत. पुढे हा धंदा डोनाल्ड डंकन यांनी विकत घेतला आणि त्यांच्या कंपनीने मॅपलच्या लाकडाचे योयो कातून घेतले. १९६५ मध्ये अमेरिकी न्यायालयाने ‘योयो’ हे सामान्यनाम ठरवल्यावर त्या शब्दावरचा कंपनीचा हक्क संपला.

अमेरिकेत जुने लाकडी योयो जपणारे संग्राहक आहेत, कॅलिफोर्नियातील चिको गावी योयोंचे संग्रहालयही आहे. मराठवाड्यात जुन्या काळचे जे जपले गेले ते मातीचे आणि हस्तिदंताचे, लाकडाचे नव्हे. जालना जिल्ह्यातले केळणा नदीकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भरहूतच्या शिलालेखांत या गावच्या दात्यांचा उल्लेख येतो. नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी १९७३ मध्ये केलेल्या उत्खननात तिथे मणी, भाजक्या मातीच्या मूर्ती आणि एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ही मूर्ती इटलीत पॉम्पेई येथे १९३८ मध्ये मिळालेल्या भारतीय मूर्तीशी जुळते. मराठवाड्यातल्याच तेर गावी रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या अशाच प्राचीन वस्तूंचे संग्रहालय झाले. लाकूड आणि सूत मातीत टिकत नाही, त्यामुळे त्या काळच्या पोरांच्या हातात भोवरा होता की नव्हता हे अशा अवशेषांतून उमगत नाही. अलीकडच्या भोवऱ्यांचेही तेच: खेळून खेळून आर निखळायची, लाकूड चिरायचे आणि फुटका भोवरा चुलीत जायचा.