निश्चित किमतीची जुनी मोटार विक्री

निश्चित किमतीची जुनी मोटार विक्री ही वापरलेल्या मोटारींच्या व्यापारातील एक पद्धत आहे. या पद्धतीत विक्रेता प्रत्येक गाडीची किंमत आधीच जाहीर करतो आणि सर्व ग्राहकांना ती त्याच किमतीस विकतो. घासाघीस केली जात नाही. नव्या वस्तूंच्या दुकानातील ‘एकच भाव’ या रिवाजाचा हा जुन्या मोटारींच्या बाजारातील अवतार मानता येईल. नाशिकसह महाराष्ट्रातील शहरांत ही पद्धत दलालांमार्फत चालणाऱ्या पारंपरिक व्यवहारांच्या बरोबरीने आढळते. या पद्धतीत भाव ठरलेला असला, तरी गाडीची अवस्था, कर्जाचा बोजा, विमा व मालकी हस्तांतरण हे प्रश्न भावापासून स्वतंत्र राहतात. व्यवहारातील मोठे नुकसान बहुधा याच बाबींतून उद्भवते.

संज्ञा

बोलीभाषेत अशा गाडीला ‘सेकंड हँड गाडी’ किंवा ‘जुनी गाडी’ म्हणतात. विक्रेते ‘प्री-ओन्ड’ किंवा ‘सर्टिफाइड’ या संज्ञा वापरतात. ‘सर्टिफाइड’ म्हणजे विक्रेत्याने स्वतः तपासलेली गाडी. हे शासकीय प्रमाणपत्र नव्हे. ‘पासिंग’ या शब्दाने गाडीची नोंदणी कोणत्या कार्यालयात झाली ते सांगितले जाते. एमएच-१५ हा नाशिकचा, तर एमएच-४१ हा मालेगावचा नोंदणी संकेतांक आहे. गाडी राज्यातल्या राज्यात विकली गेल्यास सामान्यतः तिचा क्रमांक बदलत नाही. त्यामुळे एमएच-१५ क्रमांकावरून गाडीची मूळ नोंदणी नाशिकची आहे एवढेच कळते. ती पुढे कोठे चालली हे त्यावरून समजत नाही.

पार्श्वभूमी

सीलबंद मालावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. जुन्या मोटारीवर अशी किंमत नसते. एकाच वर्षी बनलेल्या एकाच नमुन्याच्या दोन गाड्यांची अवस्था वापर, देखभाल व अपघात यांनुसार अगदी वेगळी असू शकते. गाडीचे दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ‘द मार्केट फॉर लेमन्स’ या लेखात याच परिस्थितीचे विश्लेषण केले. अमेरिकन बोलीत सदोष मोटारीला ‘लेमन’ म्हणतात. चांगली व वाईट गाडी ओळखता येत नसल्याने ग्राहक सरासरी किंमत देऊ करतो. ती न परवडल्याने चांगल्या गाडीचा मालक बाजारातून बाहेर पडतो आणि बाजारात वाईट गाड्यांचे प्रमाण वाढत जाते, असा त्यांचा युक्तिवाद होता. माहितीच्या विषमतेवरील या कार्याबद्दल अकरलॉफ यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तपासणी अहवाल, हमी आणि गाडी परत घेण्याची मुदत हे या अविश्वासावरचे व्यापारी उपाय होत.

घासाघीस सर्वांना सारखी फळत नाही, हेही अभ्यासांतून दिसून आले. इयन एअर्स व पीटर सीगलमन यांनी शिकागो परिसरातील नव्या मोटारींच्या विक्रेत्यांकडे प्रशिक्षित परीक्षक पाठवले. सर्वांनी एकाच ठरलेल्या पद्धतीने भाव केला. तरीही गोऱ्या पुरुषांना सांगितलेल्या किमती स्त्रियांना व कृष्णवर्णीयांना सांगितलेल्या किमतींपेक्षा कमी होत्या. हा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. जाहीर व समान किंमत ठेवण्याच्या बाजूने दिला जाणारा हा एक महत्त्वाचा आधार आहे.

अमेरिकेत जनरल मोटर्सच्या सॅटर्न या नाममुद्रेने १९९० पासून नव्या मोटारी घासाघीस न करता विकल्या. ही नाममुद्रा २०१० मध्ये बंद झाली. जुन्या मोटारींच्या बाबतीत कारमॅक्स या कंपनीने ही पद्धत रुजवली. तिचे पहिले दालन १९९३ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड येथे सुरू झाले.

भारतातील विकास

अँबेसेडर व प्रीमियर पद्मिनी यांच्या काळात नव्या मोटारीसाठी दीर्घ प्रतीक्षायादी असे. त्यामुळे चालू स्थितीतील जुन्या गाडीलाही चांगला भाव येई. हा व्यवहार ओळखीचे मेकॅनिक, गॅरेजवाले व दलाल यांच्यामार्फत होत असे. १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० बाजारात आली. १९९१ नंतरच्या उदारीकरणात नमुन्यांची संख्या वाढली व वाहनकर्ज सुलभ झाले. त्यामुळे गाडी काही वर्षांनी बदलण्याची प्रथा मध्यमवर्गात पसरली आणि जुन्या गाड्यांचा पुरवठा वाढला.

मारुतीने २००१ मध्ये ‘ट्रू व्हॅल्यू’ ही जुन्या मोटारींची विक्रीसाखळी सुरू केली. पुढे महिंद्रा, ह्युंदाई, टोयोटा आदी उत्पादकांनीही आपापल्या साखळ्या उभारल्या. कार्स२४ आणि स्पिनी या दोन्ही कंपन्या २०१५ साली स्थापन झाल्या. त्यांनी गाडीची छायाचित्रे, तपासणी अहवाल व किंमत संकेतस्थळावर मांडण्याची रीत रूढ केली. स्पिनीने निश्चित किंमत हे आपल्या सेवेचे वैशिष्ट्य म्हणून पुढे ठेवले.

नाशिकमधील बाजार

नाशिक हे मोटार उद्योगाचे शहर आहे. सातपूर येथे महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीचा मोटार कारखाना आहे, तर सातपूर व अंबड औद्योगिक वसाहतींत सुटे भाग बनवणारे अनेक उद्योग आहेत. शहर मुंबई-आग्रा महामार्गावर वसले असून मुंबई व पुणे येथील गाड्याही येथे विक्रीस येतात. प्रादेशिक परिवहन कार्यालय पेठ रस्त्यावर आहे. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा व बलिप्रतिपदा या मुहूर्तांवर वाहन घरी आणण्याची प्रथा येथेही पाळली जाते.

शहरात विक्रीचे तीन मार्ग प्रचलित आहेत. पहिला, दोन व्यक्तींमधील थेट व्यवहार. दुसरा, कमिशनवर काम करणाऱ्या एजंटाचा. तिसरा, दालनातून होणारी विक्री. पहिल्या दोन मार्गांत भाव बोलून ठरतो, तर दालनांत जाहीर किमतीकडे कल अधिक असतो.

नाशिकच्या खरेदीदाराने पाहावयाची एक बाब गोदावरीच्या पुराशी निगडित आहे. रामकुंडाजवळील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कोणत्या भागापर्यंत पाणी चढले, यावरून पुराची तीव्रता सांगण्याची शहरात रीत आहे. अशा वेळी नदीकाठी उभ्या केलेल्या गाड्या पाण्यात सापडतात. सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर दिसणारा गाळाचा डाग, गालिच्याखालचा गंज, दिव्यांत साचलेला ओलावा व कुबट वास ही पाण्यात गेलेल्या गाडीची लक्षणे होत.

कार्यपद्धती

गाडी विकताना: मालक गाडीची माहिती देतो व विक्रेता अंदाजी किंमत सांगतो. त्यानंतर इंजिन, गिअर, क्लच, पत्र्याचे काम, रंगाची जाडी, टायर व कागदपत्रे तपासून अंतिम प्रस्ताव दिला जातो. ‘घासाघीस नाही’ हा नियम येथेही लागू असतो. म्हणजेच मालकाने प्रस्ताव स्वीकारायचा किंवा नाकारायचा. मात्र प्राथमिक अंदाज आणि तपासणीनंतरचा प्रस्ताव यांत मोठी तफावत पडू शकते. त्यामुळे कपातीची कारणे लेखी घेणे आणि एकाहून अधिक ठिकाणचे प्रस्ताव मिळवणे हाच मालकाच्या हातातील खरा सौदा ठरतो.

गाडी घेताना: ग्राहक अहवाल पाहतो, गाडी चालवून बघतो व टोकन रक्कम भरून ती राखून ठेवतो. मीटर मागे फिरवण्याचा गैरप्रकार ओळखण्यासाठी मीटरवरील आकडा सर्व्हिसच्या नोंदींशी ताडून पाहतात. टायरवरील चार अंकी संकेतात पहिले दोन अंक निर्मितीचा आठवडा व नंतरचे दोन वर्ष दाखवतात. उदाहरणार्थ, ३२२१ म्हणजे २०२१ चा ३२ वा आठवडा. फारच कमी किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीचे चारही टायर बदललेले असतील, तर कारण विचारणे योग्य ठरते. नोंदणी प्रमाणपत्रावरील चासी व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी जुळणे आवश्यक असते. थकीत ई-चलन, विम्याची मुदत व कर्जाची नोंद परिवहन खात्याच्या ऑनलाइन सेवांवर पाहता येते.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात मालकी हस्तांतरित झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकरणास कळवायचे असते. त्यासाठी नमुना २९ व नमुना ३० वापरले जातात. गाडीवर कर्ज असल्यास ते फेडून नमुना ३५ द्वारे बोजा उतरवावा लागतो. परराज्यातील गाडीसाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. अशी गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ राज्यात ठेवल्यास कलम ४७ नुसार नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो.

हस्तांतरणाची नोंद न झाल्यास त्याचा परिणाम गंभीर असतो. ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात अपघातातील गाडी मूळ मालकाने पूर्वीच विकली होती व ती पुढे एकाहून अधिक हातांतून गेली होती. नोंदणीत मात्र मूळ मालकाचेच नाव होते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नोंदणीकृत मालकालाच नुकसानभरपाईसाठी जबाबदार धरले. अपघातग्रस्ताने विक्रीच्या साखळीतील प्रत्येकाचा शोध घेत फिरावे हे कायद्याला अभिप्रेत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. त्यामुळे पैसे मिळाले व चावी दिली एवढ्याने विकणाऱ्याची जबाबदारी संपत नाही.

दालनात गाडी पडून असण्याच्या काळातील जबाबदारी स्पष्ट करण्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती करण्यात आली. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यानुसार जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने नोंदणी प्राधिकरणाकडून अधिकारपत्र घ्यायचे असून त्याची मुदत ५ वर्षांची असते. गाडी विक्रेत्याच्या ताब्यात दिल्याची सूचना नमुना २९-सी मध्ये ऑनलाइन दिली जाते. त्यानंतर गाडीची व तिच्या संदर्भात घडणाऱ्या घटनांची जबाबदारी विक्रेत्याकडे जाते. विक्रेत्याला गाडी केवळ चाचणी, दुरुस्ती, प्रदर्शन अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवावी लागते.

विम्याबाबत कलम १५७ नुसार गाडीसोबत त्रयस्थ पक्षाचे विमा संरक्षण नव्या मालकाकडे जाते. नव्या मालकाने १४ दिवसांत विमा कंपनीकडे नावबदलासाठी अर्ज करायचा असतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण असे आपोआप मिळत नाही. ‘नो क्लेम बोनस’ हा व्यक्तीचा लाभ असल्याने तो विकणाऱ्याकडेच राहतो.

दालनातून घेतलेल्या गाडीतील दोष लपवले गेल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. तक्रारीची मुदत सामान्यतः कारण उद्भवल्यापासून २ वर्षे असते. खासगी व्यक्तीने स्वतःची एखादी गाडी विकणे हा व्यवसाय नसल्याने अशा व्यवहारात हे संरक्षण सहसा मिळत नाही.

कर

नोंदणीकृत विक्रेत्याला जुन्या मोटारीवरील वस्तू व सेवा कर संपूर्ण किमतीवर न आकारता खरेदी व विक्री किमतीतील फरकावर भरावा लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथे झालेल्या वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीत जुन्या विद्युत मोटारींसह सर्व जुन्या मोटारींसाठी १८ टक्के दराची शिफारस झाली. हा दर जानेवारी २०२५ पासून लागू झाला. उदाहरणार्थ, विक्रेत्याने ४,००,००० रुपयांस घेतलेली गाडी ४,६०,००० रुपयांस विकली, तर ६०,००० रुपयांच्या फरकावर १०,८०० रुपये कर येतो. दोन अनोंदणीकृत व्यक्तींमधील विक्रीवर हा कर नाही. आयकर कायद्यातील तरतुदीनुसार एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही.

फायदे व मर्यादा

या पद्धतीत भाव करण्याचे कौशल्य, ओळख किंवा धीटपणा नसलेल्या ग्राहकाला इतरांइतकीच किंमत पडते. वेळ वाचतो आणि दोन दालनांतील किमतींची घरबसल्या तुलना करता येते. परंतु निश्चित किंमत म्हणजे वाजवी किंमत नव्हे. विक्रेत्याचा नफा, तपासणी व दुरुस्तीचा खर्च आणि हमीचा बोजा त्या किमतीत धरलेला असतो. त्यामुळे थेट व्यवहाराच्या तुलनेत घेणाऱ्याला अधिक रक्कम मोजावी लागते व विकणाऱ्याला कमी मिळते.

शिवाय गाडीची किंमत ठरलेली असली, तरी वाहनकर्जाचा व्याजदर, विम्याचा हप्ता, वाढीव हमी, हस्तांतरणाचा खर्च आणि अदलाबदलीत दिलेल्या जुन्या गाडीचे मूल्य या रकमा स्वतंत्रपणे आकारल्या जातात. जुन्या मोटारीसाठीच्या कर्जाचा व्याजदर सामान्यतः नव्या मोटारीच्या कर्जापेक्षा जास्त असतो. घासाघीस गाडीच्या भावातून बाहेर पडून या बाबींत शिरू शकते. म्हणून दोन प्रस्तावांची तुलना करताना फलकावरील किमतीऐवजी एकूण देय रक्कम पाहिली जाते. आपल्या नावाचे नोंदणी प्रमाणपत्र हाती आल्यावर घेणाऱ्याचा व्यवहार पूर्ण होतो, तर परिवहन खात्याच्या नोंदीतून नाव उतरल्यावर विकणाऱ्याचा.